दिवेलागणीनंतरचा अर्धा सेकंद

दिवेलागण झाली की माणसाचा डोळा आपल्याला एक थाप मारतो, आणि ती इतकी बेमालूम असते की बहुतेकांच्या ती आयुष्यभर लक्षात येत नाही. भर दुपारी उघड्या मैदानावर सुमारे १ लाख लक्स प्रकाश पडतो. संध्याकाळी झुंबरे लावलेल्या सभागृहात माणसांच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश मात्र १०० लक्सच्या आसपास असतो. कधी त्याच्या निम्माच. म्हणजे दुपारच्या उजेडाचा हजारावा हिस्सा. तरी त्या सभागृहात आपण चाचपडत शिरत नाही. बुबुळातली बाहुली रुंदावते, नेत्रपटल जास्त संवेदनशील होते, उरलेली भर मेंदू घालतो आणि आपण म्हणतो, काय लखलखाट आहे! कॅमेऱ्याला ही लबाडी जमत नाही. त्याच्यासमोर हजारावा हिस्सा म्हणजे हजारावाच हिस्सा. संध्याकाळच्या समारंभात माणसांची छायाचित्रे काढण्याची सगळी अडचण एवढ्या एका गुणोत्तरात सामावलेली आहे. हातात एकच कॅमेरा, फ्लॅश नाही, मदतनीस नाही, अशा स्थितीत या गुणोत्तराशी सर्वांत चतुराईने झुंजलेला माणूस शोधायचा, तर १९२८ च्या बर्लिनला जावे लागते.

त्याआधीची स्थिती थोडक्यात सांगतो. रात्री छायाचित्र काढायचे म्हणजे उजेड आपणच घेऊन जायचा, हा शिरस्ता होता. १८८७ मध्ये आडोल्फ मीथे आणि योहान्स गेडिके या जर्मन संशोधकांनी मॅग्नेशियमची भुकटी, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांचे मिश्रण तयार केले. तबकडीवर ही भुकटी ठेवून पेटवली की सुतळी बॉम्ब फुटावा तसा दणका होई, डोळे दिपवणारा पांढरा लोळ उठे आणि मागोमाग धुराचा ढग छताला जाऊन चिकटे. न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्यांचे दारिद्र्य जेकब रीस या पत्रकाराने याच भुकटीच्या साहाय्याने जगापुढे आणले, त्यामुळे तिचे उपकार मोठे आहेत. पण मेजवानीत किंवा सभेत ती एकदाच पेटवता येई. दुसऱ्यांदा पेटवू देणारा यजमान विरळाच. त्यामुळे छायाचित्रकाराला कार्यक्रमाच्या शेवटी बोलावत, सगळ्यांना ओळीत उभे करत, पुढे खुर्च्यांवर वडीलधाऱ्यांना बसवत आणि हलू नका असे बजावून भडका उडवत. जुन्या अल्बममध्ये संध्याकाळच्या समारंभांची चित्रे इतकी एकसारखी का दिसतात, याचे कारण लोकांच्या गंभीर स्वभावात शोधण्यापेक्षा त्या भुकटीत शोधावे.

१९२४ मध्ये ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्याने एक छोटा कॅमेरा बाजारात आणला. पुढे तो एर्मानॉक्स या नावाने प्रसिद्ध झाला. कॅमेरा छोटा, पण त्याच्या तोंडावरचे भिंग अंगाला न शोभण्याइतके मोठे. हे एर्नोस्टार भिंग लुडविग बेर्टेले या तरुणाने आखले होते. तेव्हा त्याची पंचविशीही उलटली नव्हती. भिंगाचे नाभीय अंतर १०० मिलिमीटर आणि छिद्र एफ/२, म्हणजे उजेड आत येण्याची वाट ५० मिलिमीटर रुंद. अंधारात पूर्ण उघडलेली माणसाची बाहुली जेमतेम ७ मिलिमीटरची असते. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर हे भिंग बाहुलीच्या पन्नासपट उजेड गोळा करी. त्या काळी प्रचलित असलेल्या एफ/४.५ च्या भिंगांशी तुलना केली तरी पाचपट. लवकरच त्याची एफ/१.८ ची आवृत्तीही आली. जे डोळ्याला दिसते त्याचे छायाचित्र निघते, असा कंपनीच्या जाहिरातीचा दावा होता. जाहिरातीच्या मानाने तो बराच खरा होता.

पण उजेडाच्या या श्रीमंतीची किंमत दुसरीकडे चुकवावी लागे. एवढे मोठे छिद्र उघडे ठेवले की चित्रात ठळक येणारी जागा फार उथळ होते. ४ मीटर अंतरावरच्या माणसावर फोकस केला, तर त्याच्या पुढेमागे मिळून जेमतेम फूटभर पट्टा स्पष्ट येई. अंदाज वीतभर चुकला की नाकाऐवजी मागच्या खुर्चीची पाठ रेखीव येणार! शिवाय यात गुंडाळीची फिल्म नव्हती. साडेचार बाय सहा सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेट्स होत्या, प्रत्येकीला स्वतंत्र पत्र्याचे घर. एक चित्र काढायचे म्हणजे फोकस लावायचा, प्लेट बसवायची, तिच्यावरचे झाकण ओढायचे, शटर दाबायचे, झाकण पुन्हा सरकवायचे, प्लेट काढून खिशात टाकायची आणि नवी बसवायची. खिशात मावतील तेवढ्याच प्लेट्स. म्हणजे साधन उत्तम आणि तरीही सर्व बाजूंनी तोकडे.

हे साधन ज्यांच्या हाती पडले ते एरिख सालोमोन छायाचित्रकार म्हणून वाढलेच नव्हते. १८८६ मध्ये बर्लिनच्या एका सधन ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळवली. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच ते फ्रेंचांच्या हाती सापडले आणि युद्धकैदी म्हणून काही वर्षे फ्रान्समध्ये राहिले. तिथे फ्रेंच भाषा पक्की झाली. परत आले तो महागाईच्या वावटळीत घरची संपत्ती उडून गेलेली. काही उद्योग करून पाहिल्यावर ते उल्श्टाइन या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या जाहिरात विभागात लागले. शेतकऱ्यांच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींवरून वाद होत, ते कोर्टात जात. पुराव्यासाठी त्या भिंतींची छायाचित्रे काढायला हवीत, म्हणून चाळिशी ओलांडलेल्या या वकिलाने कॅमेरा हाती घेतला. १९२७ च्या सुमारास त्यांनी एर्मानॉक्स विकत घेतला आणि वर्षभरात बर्लिनच्या सचित्र साप्ताहिकांत त्यांचे नाव गाजू लागले. सुरुवात झाली ती कोर्टातल्या खटल्यांपासून. तिथे छायाचित्रणाला बंदी होती, म्हणून त्यांनी टोपीला छिद्र पाडून कॅमेरा तिच्यात दडवला.

टोपीची गोष्ट सगळेच सांगतात, कारण ती गमतीची आहे. मला मात्र त्यांची खरी करामत संध्याकाळच्या राजनैतिक बैठकांत आणि मेजवान्यांत दिसते. तिथे टोपी उपयोगाची नव्हती. तिथे त्यांनी सगळी मदार तयारीवर ठेवली.

थोडे गणित करू. त्या काळच्या प्लेट्सची संवेदनशीलता आजच्या मापात अंदाजे आयएसओ २५ धरावी. १०० लक्सच्या उजेडात एफ/२ ने चित्र काढायला या प्लेटला सुमारे ०.४ सेकंद लागतो. त्यातही बल्बचा उजेड तांबूस-पिवळा, आणि तेव्हाच्या बऱ्याच प्लेट्स तांबड्या रंगाबाबतीत जवळपास आंधळ्या. म्हणजे प्रत्यक्षात अर्धा सेकंद, कधी त्याहून जास्त. इतका वेळ हातात कॅमेरा स्थिर राहत नाही. तेव्हा ट्रायपॉड आला, नाहीतर टेबलाचा, कठड्याचा, खांबाचा आधार आला. हेच चित्र एफ/४.५ च्या साध्या कॅमेऱ्याने काढायचे तर दोन-अडीच सेकंद लागले असते.

दोन सेकंद आणि अर्धा सेकंद यांतला फरक वरवर पाहता नुसता आकड्यांचा वाटतो. पण माणसाच्या बाबतीत तो जातीचाच फरक आहे. दोन सेकंद निश्चल राहायला माणसाला सांगावे लागते, आणि सांगितले की त्याचा चेहरा बदलतो. अर्धा सेकंद निश्चल मात्र माणूस आपणहून असतो. समोरच्याचे म्हणणे ऐकताना, उत्तर देण्यापूर्वी, सिगारेटचा झुरका आत घेतल्यावर, दुभाष्याचे वाक्य संपेपर्यंत, कंटाळा अनावर झाल्यावर. असे अर्धे सेकंद एका संध्याकाळी शेकड्यांनी येतात, फक्त ते कुठे येतील हे आधी ओळखता आले पाहिजे. बेर्टेलेच्या भिंगाने छायाचित्रणाला त्या उंबरठ्याच्या आत आणून सोडले आणि सालोमोन यांनी ते ओळखले.

म्हणूनच त्यांची छायाचित्रे पाहताना एक गोष्ट जाणवते. बेसावध क्षणांचा छायाचित्रकार म्हणून त्यांची ख्याती. १९३१ मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातही नामवंत समकालीन आणि बेसावध क्षण हेच शब्द आहेत. पण बेसावध म्हणजे धावपळीतली, हातवारे करणारी माणसे अशी आपली कल्पना असेल तर ती इथे फोल ठरते. त्यांच्या चित्रांतली माणसे बहुतांशी ऐकत असतात. कुणी पुढे वाकून कान देतो आहे, कुणी खुर्चीत खोल रुतला आहे, कुणी डोळे मिटून घेतले आहेत. त्यांच्या कॅमेऱ्याला हालचाल झेपत नव्हती, म्हणून त्यांनी ऐकणाऱ्यांचे चेहरे टिपले. आणि वाटाघाटींचा खरा मजकूर बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जास्त वाचता येतो, हे त्या चित्रांनी दाखवून दिले. साधनाच्या उणिवेने शैली घडवण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला छायाचित्रणाच्या इतिहासात सापडत नाही.

त्यांची तयारी कॅमेऱ्यापासून सुरू होतच नसे. ती कपड्यांपासून होई. मुत्सद्द्यांच्या मेजवानीला जाताना ते पाहुण्यांसारखाच औपचारिक काळा पोशाख करत. डॉक्टर ही पदवी, शिष्टाचार आणि अनेक भाषांची जाण या भांडवलावर ते दारातून आत जात. अशा बैठकांत इतर छायाचित्रकारांना बाहेर व्हरांड्यात थांबावे लागे, कारण त्यांच्या हातात धूर करणारी भुकटी होती. हा माणूस ना भडका करी, ना धूर, ना कुणाला ओळीत उभे करी. त्यामुळे तो आत खपून जाई. २७ ऑगस्ट १९२८ रोजी पॅरिसमध्ये युद्धाचा त्याग करणाऱ्या केलॉग-ब्रियाँ करारावर सह्या झाल्या, तेव्हा पोलंडच्या प्रतिनिधीच्या रिकाम्या खुर्चीवर बसून त्यांनी कार्यभाग साधला, असे सांगतात. आरिस्तीद ब्रियाँ या फ्रेंच नेत्याने तर त्यांना आगाऊ लोकांचा राजा अशी पदवीच दिली होती. १९३१ मधल्या एका चित्रात ब्रियाँ भर घोळक्यातून थेट कॅमेऱ्याकडे बोट रोखून हसत आहेत. सापडलास, असा एकूण आविर्भाव. सालोमोन नसतील तर परिषद महत्त्वाची आहे यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, अशा अर्थाची ब्रियाँ यांची थट्टाही प्रसिद्ध आहे.

आत गेल्यावरचे काम जागा हेरण्याचे. झुंबर कुठे, टेबलावरचा दिवा कुठे, पांढरे टेबलक्लॉथ आणि कागद उजेड वर कुणाच्या चेहऱ्यावर फेकतात, आरसे कुठे. जो माणूस हवा तो कुठे बसेल आणि कुणाकडे तोंड करून ऐकेल. त्या खुर्चीपर्यंतचे अंतर आधीच ठरवून फोकस तिथे लावून ठेवला की फूटभर जाडीच्या त्या पट्ट्यात माणूस येण्याची वाट पाहणे एवढेच उरते. प्लेट्स मोजक्या असल्यामुळे ही वाट पाहणे सक्तीचेच होते, आणि आजच्या छायाचित्रकाराला नेमकी हीच सक्ती उरलेली नाही.

जानेवारी १९३० मध्ये हेग इथे युद्धाच्या नुकसानभरपाईवर दुसरी परिषद भरली होती. वाटाघाटी मध्यरात्र उलटून चालू राहिल्या. तिथले सालोमोन यांचे चित्र त्यांच्या सर्वोत्तम चित्रांपैकी एक आहे. फ्रान्सचे पंतप्रधान आंद्रे तार्दिय, अर्थमंत्री आंरी शेराँ, जर्मनीचे परराष्ट्रमंत्री यूलिउस कुर्टिउस यांसारखी मंडळी कोचांवर, खुर्च्यांवर पसरली आहेत. थकव्याने कुणाची मान कलली आहे. युरोपच्या अर्थकारणाचे निर्णय घेणारी माणसे झोपेने हैराण झाली की कुठल्याही लग्नघरातल्या पाहुण्यांसारखीच दिसतात, हे त्यापूर्वी कुणी पाहिलेच नव्हते. त्या मध्यरात्री अर्धा सेकंद मिळवणे मात्र सोपे गेले असणार.

याच हेगशी त्यांच्या शेवटाचाही संबंध आहे. पत्नी डच होती, त्यामुळे हिटलर सत्तेवर आल्यावर कुटुंब नेदरलँड्समध्ये, हेगलाच स्थिरावले. जर्मनीने तो देशही व्यापला. १९४३ मध्ये ते लपून राहू लागले, कुणीतरी फितुरी केली आणि १९४४ मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत सालोमोन, त्यांची पत्नी आणि धाकटा मुलगा यांचा अंत झाला. थोरला मुलगा लंडनमध्ये असल्यामुळे वाचला. वडिलांच्या विखुरलेल्या निगेटिव्ह त्यानेच युद्धानंतर गोळा केल्या. १९७१ पासून जर्मनीत सालोमोन यांच्या नावाने वृत्तछायाचित्रणाचा पुरस्कार दिला जातो.

तोकड्या साधनाशी जमवून घेण्याची त्यांची वाट एकमेव होती असे मात्र नाही. त्याच सुमारास पॅरिसमध्ये ब्रासाय हा हंगेरियन कलावंत नेमका उलटा मार्ग चोखाळत होता. रात्रीच्या रस्त्यांवर तो ट्रायपॉड रोवून साध्या प्लेट कॅमेऱ्याने कित्येक मिनिटांचे एक्स्पोजर देई आणि वेळ मोजायला घड्याळाऐवजी सिगारेट ओढी. उजेड बरा असेल तर गोलवाज, अंधार जास्त असेल तर जाड बोयार. एका रात्री सोबत न्यायच्या प्लेट्स फक्त २४. कॅफेतल्या माणसांची चित्रे काढताना मात्र त्याला भुकटी पेटवावीच लागे. तो धडाका पाहून पिकासोने त्याला दहशतवादी म्हणायला सुरुवात केली, असे सांगतात. त्याची माणसे भडक्याला तयार होऊन बसलेली आहेत, आणि ते चित्रात कळते. १९३२ च्या अखेरीस निघालेले त्याचे रात्रीच्या पॅरिसचे पुस्तक अजोड आहे यात वाद नाही, पण तिथली माणसे आणि सालोमोन यांची माणसे शेजारी ठेवून पाहिली की अर्ध्या सेकंदाचे मोल कळते.

आपल्याकडे या प्रश्नाला तोंड दिलेल्या व्यक्तींत होमाई व्यारावाला यांचे नाव आधी घ्यावे लागेल. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या, इलस्ट्रेटेड वीकलीसाठी छायाचित्रे काढणाऱ्या होमाई १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या आणि १९७० पर्यंत राजधानीतले स्वागतसमारंभ, मेजवान्या, शपथविधी टिपत राहिल्या. त्यांच्या वेळेपर्यंत भुकटीची जागा फ्लॅशबल्बने घेतली होती. धूर गेला, पण एक बल्ब एकाच चित्राला. जळालेला बल्ब काढायचा तर बोटे भाजायची. स्पीड ग्राफिकसारख्या जड कॅमेऱ्यात एका होल्डरला दोनच फिल्म, दुसरी बाजू वापरायची तर होल्डर काढून उलटा करायचा. साडी नेसून, हे सगळे ओझे खांद्यावर घेऊन, पुरुष छायाचित्रकारांच्या गर्दीत. समारंभाला साजेसा पोशाख आणि वागण्याची मर्यादा यांबाबत त्या फार काटेकोर होत्या. पुढच्या काळातल्या छायाचित्रकारांनी ती मर्यादा सोडली, हे त्यांच्या निवृत्तीमागचे एक कारण होते. सालोमोन यांचा काळा कोट आणि होमाईंची साडी या दोहोंचे काम एकच. आपण ज्या खोलीत आहोत त्या खोलीत डोळ्यांत खुपू नये.

आता आजच्या काळाकडे वळू. एखाद्या मंगल कार्यालयात संध्याकाळचा साखरपुडा आहे, तुमच्याकडे एक मोबाइल आहे किंवा एखादा जुना कॅमेरा आणि त्याचे एकच भिंग. आकडे पाहिले तर तुम्ही सालोमोन यांच्यापेक्षा कितीतरी सुखी आहात. त्याच १०० लक्समध्ये मोबाइलचे एफ/१.८ चे मुख्य भिंग आयएसओ १६०० ला सुमारे १/२०० सेकंदात चित्र काढते. ०.४ सेकंदाशी तुलना केली तर ८० पट वेगाने. तरी चित्रे खराब येतात, आणि त्याची कारणे उजेडाच्या प्रमाणात कमी आणि जातीत जास्त असतात.

पहिले कारण रंग. डेकोरेशनवाले स्टेजवर जांभळे, निळे, गुलाबी एलईडी लावतात. डोळा त्यांच्याशी जुळवून घेतो, कॅमेरा नवरीचा चेहरा जांभळाच दाखवतो, आणि नंतर कितीही घासले तरी तो रंग उतरत नाही, कारण शुद्ध निळ्या उजेडात त्वचेच्या तांबूस छटांची माहितीच नोंदली गेलेली नसते. यावर उपाय कॅमेऱ्यात नाही. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी लाइटवाल्या माणसाला गाठून अंगठ्या घालण्याच्या वेळी पाच मिनिटे साधा पिवळसर उजेड ठेवायला सांगणे, एवढाच आहे. तो बहुधा ऐकतो; त्याला असे कुणी विचारतच नाही.

दुसरे कारण दिव्यांची फडफड. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही. पण शटर त्याहून वेगवान ठेवले की चित्रात काळसर आडवे पट्टे उमटतात किंवा लागोपाठच्या दोन चित्रांत उजेड वेगळा येतो. शटर हाताने ठरवता येत असेल तर ते १/१०० किंवा १/५० वर ठेवावे. बसलेल्या, ऐकणाऱ्या माणसांना १/५० पुरते, बोलणाऱ्यांना १/१००. नाचणाऱ्यांना दोन्ही कमी पडतात. वरातीचा नाद अशा वेळी सोडलेला बरा.

मोबाइलमधल्या रात्रीच्या मोडबद्दल बराच गैरसमज आहे. तो मोड एका पाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती एकमेकांवर बेमालूम बसवतो. किल्ल्याचा बुरूज, देवळाची दीपमाळ, अशा हलत नसलेल्या गोष्टींना तो वरदान आहे. माणसांच्या बाबतीत मात्र तो आपल्याला पुन्हा १९२४ च्या आधीच्या दोन सेकंदांत नेऊन बसवतो, आणि मग हलू नका असे सांगावे लागते. तसेच झूमचे. बहुतेक मोबाइलमधल्या टेलिफोटो भिंगाच्या वाट्याला मुख्य भिंगाहून कमी उजेड येतो. अंधारात कित्येक मोबाइल गुपचूप मुख्य भिंगाचेच चित्र कापून मोठे करून दाखवतात. त्यापेक्षा चार पावले पुढे जावे. मोबाइलचा फ्लॅश तर विसरावाच. अंतर चौपट झाले की उजेड सोळावा हिस्सा होतो, या नियमाने तो पुढच्या काकांचे कपाळ पांढरेफटक करतो आणि मागच्या सगळ्यांना काळोखात ढकलतो.

जागा हेरण्याची एक साधी रीत छायाचित्रकार वापरतात. आपला तळहात चेहऱ्याच्या उंचीवर धरून त्या जागी हळूहळू एक फेरी मारायची. कुठल्या दिशेला तळव्यावर उजेड मऊ आणि भरपूर पडतो आणि कुठे रेषांच्या कडक सावल्या पडतात, ते लगेच दिसते. हे आदल्या दिवशी नको, कारण कार्यालयातले दिवे कार्यक्रमाच्या संध्याकाळीच पूर्ण लागतात. पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी करावे. ठरवून आणलेला व्हिडिओवाला असेल तर त्याचा दिवा हा तुमचाही दिवा. त्याच्या शेजारी उभे राहिलात तर चेहरे सपाट येतील, म्हणून त्याच्यापासून थोडे बाजूला, दिवा चेहऱ्यावर तिरपा पडेल असे उभे राहावे. भिंगावरचा बोटांचा तेलकटपणा रुमालाने पुसावा. समारंभातल्या धुकट चित्रांपैकी निम्म्यांचा दोष तिथे असतो, असा माझा अंदाज आहे.

आणि मग सालोमोन यांचा नियम. बोलणाऱ्याकडे पाठ करून ऐकणाऱ्यांकडे पाहावे. आजोबा दोन शब्द सांगायला उभे राहिले की सगळ्यांचे मोबाइल आजोबांकडे वळतात; खरे चित्र त्या वेळी आजीच्या चेहऱ्यावर असते. गाणे सुरू असताना तबलजी गायकाकडे पाहतो तो क्षण, भटजींनी मंत्र संपवून पुढचा विधी सांगण्यापूर्वीची उसंत, पंगतीत वाढप्याची वाट पाहणारी मुले. इथे माणसे आपणहून थांबतात. कॅमेरा वेगवान झाला म्हणून या क्षणांचे मोल कमी झालेले नाही.

परवानगीबद्दल मात्र सालोमोन यांचा कित्ता गिरवू नये. १९३२ मध्ये हात मोडल्याचे सोंग करून, झोळीत कॅमेरा लपवून त्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज टिपले, ते धाडस होते आणि समोर सत्ताधारी माणसे होती. हळदीकुंकवाला आलेल्या बायका किंवा कुणाची तरी झोपलेली मुले यांच्याबाबत तसे धाडस म्हणजे निव्वळ उद्धटपणा. घरच्यांना आधी सांगावे, कुणी नको म्हटले तर कॅमेरा खाली घ्यावा.

औक्षणाचा मात्र स्वतंत्र विचार करावा लागतो. निरांजनाच्या एका ज्योतीचा उजेड साधारण एका कँडेलाचा धरला, तर चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर ती सुमारे ११ लक्स प्रकाश टाकते. तबकात दोन निरांजने असतील तर २२. खोलीतली ट्यूबलाइट त्या वेळी १०० लक्स देत असते, म्हणजे ज्योतीचा सोनेरी उजेड चेहऱ्यावर पडत असूनही ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात तो बुडून जातो आणि चित्रात नुसती एक पिवळी टिकली दिसते. ट्यूब बंद केली की त्या ११ लक्समध्येही आजचा मोबाइल आयएसओ ३२०० ला सुमारे १/४० सेकंदात चित्र घेतो; ओवाळून घेणारा पाटावर स्थिर बसलेला असतो, त्यामुळे तेवढे पुरेसे होते. ओवाळणाऱ्या हाताला मात्र थोडा फराटा येईल, तो येऊ द्यावा. फक्त ट्यूब केव्हा बंद करायची आणि बटणापाशी कुणाला उभे करायचे, हे तबक तयार होण्याआधीच घरातल्या थोरल्या बाईशी बोलून ठरवावे. ऐन वेळी अंधार झाला तर अर्धे घर फ्यूज पाहायला धावते.